म्हातारा कुत्रा उठत नाही, डॉक्टर ‘झोपवा’ म्हणतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा लॅब्रॅडॉर १३ वर्षांचा आहे, तीन आठवड्यांपासून मागच्या पायांवर उभा राहत नाही आणि जेवण अर्ध्यावर आलंय. डॉक्टर म्हणाले, झोपवलेलं बरं, म्हणजे इंजेक्शन देऊन वेदनेशिवाय मरण द्यावं. सासूबाई म्हणतात, पाप लागेल. मी नाशिकला पंचवटीत, मखमलाबाद रोडला राहतो. आमची चिंगी गावठीच, १४ वर्षं आमच्यात होती आणि शेवटचे सहा महिने किडनीच्या आजारात गेले. तुमच्यासारखीच ओढाताण आमच्या घरात झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी, तो उठत का नाही याचं कारण नक्की झालंय का? नुसतं ‘वय झालंय’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. आपल्याकडे गोचीड ताप फार. त्यात रक्त कमी होतं, अंगातलं त्राण जातं, कुत्रं बसकण मारतं, आणि वेळेवर कळलं तर औषधाने पुष्कळदा उठून चालायलाही लागतं. कधी नुसती सांधेदुखी असते आणि त्याला नीट वेदनाशामक मिळालेलंच नसतं. रक्त, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी), कमरेचा एक्स-रे एवढं करून घ्या आणि ते कागद घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवा. पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास म्हणून नाही, पुढे आयुष्यभर रुखरुख राहू नये म्हणून.

आणि घरातली माणसांची गोळी देऊ नका. चिंगी लंगडायला लागली तेव्हा मी माझीच दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची गोळी भाकरीत घालून तिला दिली. दुसऱ्या दिवशी तिला डांबरासारखी काळी शी झाली. कुत्र्याच्या पोटात या गोळ्यांनी जखमा होतात आणि किडनीलाही मार बसतो, हे मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या किडन्या आधीच अधू होत्या, पण त्यात मी भर घातली हे माझ्या मनातून आजही जात नाही. तसंच द्राक्षांचं. हंगामात आपल्याकडे घरोघरी क्रेट येतात, मुलं कौतुकाने दोन मणी कुत्र्यापुढे टाकतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, थोडेसुद्धा नकोत.

आता सांभाळण्याचं. आमच्याकडे गुळगुळीत फरशी, तिचे पाय चारी दिशांना जायचे. बाजारातून रबरी मॅट आणून तिच्या जागेपासून अंगणापर्यंत अंथरली, त्यावर ती चार पावलं तरी टाकू लागली. उठवताना जुना सोलापुरी टॉवेल पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे भार आपल्यावर येतो आणि शी-शूला तिला उभं राहता येतं. एका कुशीवर पडून राहिलं की कोपर आणि कमरेच्या हाडावर जखमा होतात, म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. रात्रीही. मी आणि बायकोने पाळ्या लावल्या होत्या. शेपटीखालचे केस कापून टाका, ओलं राहिलं की माशी बसते आणि एका दिवसात अळ्या पडतात. पाणी पाजायचं तर डोकं वर धरून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, थोडं थोडं. घशात ओतलं तर फुप्फुसात जातं.

किडनीसाठी डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. खिडकीच्या खिळ्याला बाटली टांगायची, आधी ती कोमट पाण्यात ठेवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. पाठीवर लिंबाएवढा फुगा यायचा आणि तासाभरात ओघळून खांद्याखाली उतरायचा. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. चिंगी मात्र माझ्या मांडीवर हनुवटी टेकून पडून राहिली. या सलाईनवर तिला चार महिने खरंच बरे मिळाले. किती द्यायचं ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं, हृदय कमजोर असेल तर जास्तीचं पाणी बाधतं.

निर्णयाचं विचाराल तर ‘जगवू की मरू देऊ’ असा प्रश्न आम्हाला महिनाभर सुटला नाही. सुटला तो भिंतीवरच्या कालनिर्णयमुळे. तिच्या आवडीच्या तीन गोष्टी आम्ही लिहून काढल्या: सकाळी दूधवाल्याची गाडी आली की गेटपाशी जाणं, भाकरीचा कोर मागणं, मुलगा क्लासहून आला की शेपटी हलवणं. यातल्या दोन झाल्या तर त्या तारखेवर टिकली, नाहीतर फुली. रोज रात्री, तिघांनी मिळून. अ‍ॅलिस विलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी केलेलं एक कोष्टकही आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. तेही वापरून बघा. आमचं काम टिकली-फुलीवर झालं. मनाला रोज ‘आज जरा बरी होती’ असं वाटायचं, पण ऑक्टोबरच्या पानावर सलग अकरा फुल्या दिसल्या.

तरीही आम्ही थांबलो. दिवाळी तोंडावर होती, सणात घरात हे नको, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. भाऊबीज होऊ दे, मग बघू. ते आठ दिवस तिच्यासाठी नव्हतेच, आमच्यासाठी होते. त्यातली एक रात्र सांगतो. पहाटे तीनला फरशीवर नखांचा आवाज आला. दिवा लावला तर ओल्या चादरीपासून लांब जाण्यासाठी ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होती. जन्मात कधी घरात घाण न केलेलं जनावर. मी उचलायला गेलो तर तिने तोंड भिंतीकडे केलं. आई दारात उभी होती. तोवर ‘जीव घेणारे आपण कोण?’ हे तिचंच म्हणणं होतं. तिने चादर बदलली, चिंगीच्या अंगावर गोधडी घातली आणि सकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. उजाडल्यावर मला म्हणाली, “डॉक्टरांना फोन कर. मी असेन जवळ.”

म्हणून सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना रात्रीची एक पाळी द्या, कूस बदलायला सोबत घ्या. पाप-पुण्याचं त्या जे म्हणतात ते त्याच्यावरच्या मायेनेच म्हणतात. कायद्याची भीती असेल तर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी केंद्राचे २०२३ चे जे नियम आहेत, त्यांतही बरं न होणाऱ्या आजारी कुत्र्याला पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देण्याची तरतूद आहे. हे काम पशुवैद्यानेच करायचं, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका.

डॉक्टरांना दोनच गोष्टी आधी विचारा: घरी याल का, आणि आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? आमच्याकडे आधी गुंगीचं दिलं, ती घोरायला लागली, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. दोन-तीन मिनिटं लागली. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, शू होते. हे आधी माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही. आईने चमच्याने गंगेचं पाणी तिच्या ओठांना लावलं. मुलगा दहावीत होता, त्याला थांबायचं की नाही ते त्याच्यावरच सोडलं होतं. तो शेवटपर्यंत तिचा कान धरून बसला.

जागेचंही आधी ठरवून ठेवा, त्या दिवशी काही सुचत नाही. शेत असेल तर विहिरीपासून लांब, चार फूट तरी खोल खड्डा. शेत नसेल तर महापालिकेत आधीच चौकशी करा. आम्ही तिला दिंडोरीकडे भावाच्या शेतात नेलं. छाटणी होऊन द्राक्षाला नुकती फूट आली होती. बांधावरच्या कडुनिंबाखाली ती आहे.

तुमच्या कुत्र्याच्या आवडीच्या तीन गोष्टी कोणत्या, ते आजच घरात बसून लिहून काढा. आणि गोचीड तापाची तपासणी झालेली नसेल तर उद्याच करून घ्या. रिपोर्ट आले की इथे लिहा, मी वाट बघतोय.