रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिवसभर उन्हात मासळी सुकवणाऱ्याने कोकम सरबत किंवा अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतल्यास त्वचेचा कर्करोग टळतो का?

नाही, तसे सिद्ध झालेले नाही. अतिनील-अ किरणांमुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढून डीएनएला इजा होते आणि अँटिऑक्सिडंट असे रेणू निष्प्रभ करतात, हे खरे. परंतु अतिनील-ब किरण डीएनएवर थेट आघात करतात, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८०५ रुग्णांवरील चाचणीत पाच वर्षे रोज ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांतही त्वचेचे नवे कर्करोग कमी झाले नाहीत. उलट, प्रकाशगतिक उपचारात (त्वचेवर औषध लावून त्यावर प्रकाश टाकण्याच्या पद्धतीत) हेच अतिक्रियाशील रेणू मुद्दाम निर्माण करून वरवरच्या कर्करोगपेशी मारल्या जातात; म्हणून उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या कृपया घेऊ नयेत. अपवाद निकोटिनामाइडचा (जीवनसत्त्व ब-३ च्या एका प्रकाराचा): २०१५ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत त्याने नवे कर्करोग सुमारे २३ टक्क्यांनी घटले, पण ते आधी असे कर्करोग झालेल्यांतच. कोकम तहानेसाठी जरूर प्यावे. संरक्षण मात्र रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपारची सावली देते.