ऑफिसमधल्या पाचही जणांच्या ईमेलची कॉपी मला आपोआप कशी येईल?

तुमचं ऑफिस फोर्टमध्ये, माणसं पाच, आणि प्रत्येकाने बाहेर पाठवलेल्या मेलची बीसीसी, म्हणजे इतरांना न दिसणारी कॉपी, तुम्हाला आपोआप यावी, असं तुम्ही विचारलं आहे. जीमेलमध्ये ते सेटिंग सापडत नाही म्हणता. सापडणार नाही, साध्या जीमेलमध्ये ते नाहीच. तरी मार्ग आहेत, ते सांगतेच. त्याआधी कळकळीची विनंती: बीसीसी नको, सीसी करा, म्हणजे सगळ्यांना दिसणारी कॉपी. आणि तीही स्वतःच्या पत्त्यावर नको.

मी १६ वर्षं मस्जिद बंदरला एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. आमच्याकडे हीच व्यवस्था होती, प्रत्येक मेलची बीसीसी साहेबांना. एका जुलैत आमच्या सहकाऱ्याने शिपिंग लाइनला मेल टाकला, न्हावा शेव्याला आलेल्या कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, वाढवून द्या म्हणून. साहेबांना कॉपी आली. त्यांनी वाचली, काम मार्गी लागलं असं धरून ते पुढच्या फायलीकडे वळले. लाइनचं उत्तर तासाभरात आलं होतं: पार्टीच्या (म्हणजे आमच्या ग्राहकाच्या) लेटरहेडवर विनंती पाठवा, मग बघतो. पण ते आलं फक्त त्या सहकाऱ्याला, कारण लाइनच्या लेखी साहेब त्या मेलमध्ये नव्हतेच. आणि तो त्याच रात्री डेंग्यूने अ‍ॅडमिट झाला. पाच दिवस ते उत्तर त्याच्या इनबॉक्समध्ये ठळक अक्षरांत, न उघडलेलं पडून होतं. डिटेन्शन, म्हणजे मुदतीपलीकडे कंटेनर ठेवल्याचा आकार, डॉलरमध्ये लागतं. पार्टीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून साहेब फोन हातात घेऊन कितीतरी वेळ नुसते बसले होते. ते मी विसरलेले नाही.

पूर्वी ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असायचं. टाइपरायटरवर पत्र काढताना खाली कार्बन घालून ऑफिस कॉपी फायलीला लावायची. सीसी हा शब्द त्या कार्बन कॉपीतूनच आला. बीसीसी म्हणजे नुसतं जावक रजिस्टर. गेलेलं सगळं दिसतं, आलेलं काहीच नाही. सीसीत पत्ता उघड असला की समोरचा ‘रिप्लाय ऑल’ करतो आणि उत्तरही तुमच्याकडे येतं. शिवाय बीसीसीतल्या माणसाने घाईत फोनवरून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं, तर आपण गुपचूप वाचत होतो हे पार्टीला कळतं. तो संकोच वेगळाच.

म्हणून एक सामाईक पत्ता काढा, ‘डॉक्स’ किंवा ‘ऑफिस’ अशा नावाचा, आणि कॉपी तिथे जाऊ द्या. तुम्ही बघाल, तुम्ही गावी असलात तर दुसरं कोणी बघेल.

आता सेटिंग. ते कुठे बसवता यावर सगळं अवलंबून आहे. माणसाच्या कॉम्प्युटरवर बसवलेला नियम त्या कॉम्प्युटरवरूनच चालतो. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये सीसी आणि बीसीसीचे पत्ते कायमचे भरता येतात. साधं जीमेल खातं त्यात जोडलं की तुमचं काम बिनखर्चात होतं. क्लासिक आउटलुकमध्ये नवा रूल करताना ‘अप्लाय रूल ऑन मेसेजेस आय सेंड’ निवडायचं आणि पुढे सीसीचा पर्याय घ्यायचा. बीसीसी त्या यादीत नाही, त्यासाठी मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहावा लागतो. आयफोनच्या मेल ॲपमध्ये ‘ऑलवेज बीसीसी मायसेल्फ’ आहे, पण नावाप्रमाणेच ती कॉपी स्वतःलाच येते. आणि तुमचा माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या जीमेलच्या ॲपवरून उत्तर देतो तेव्हा यातलं काहीच चालत नाही. अर्धी जावक तिथूनच निसटते.

तुमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे कंपनीच्या नावाचे ईमेल पत्ते, असेल तर नियम सर्व्हरवर बसवा. गूगल वर्कस्पेस असेल तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये अ‍ॅप्स, मग गूगल वर्कस्पेस, मग जीमेल, मग राउटिंग. तिथे ‘आउटबाउंड’बरोबर ‘इनबाउंड’वरही टिक करा आणि ‘ऑल्सो डिलिव्हर टू’मध्ये सामाईक पत्ता द्या. आवक-जावक दोन्ही आलं, मेल कुठल्याही फोनवरून जावो. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर हेच काम एक्स्चेंजचे मेल फ्लो रूल्स करतात. तिथे जावकसाठी पाठवणारा आतला आणि घेणारा बाहेरचा अशी अट घाला, आणि आवकसाठी याच्या उलट अटीचा दुसरा रूल करा, नाहीतर ऑफिसातल्या आपसातल्या मेलचाही ढीग साचतो.

ही सर्व्हरची कॉपी मात्र पाठवणाऱ्याला दिसत नाही. म्हणून पाचही जणांना समोर बसवून स्पष्ट सांगा आणि एका कागदावर लिहूनही द्या. आमच्याकडे एका मुलीने मेडिक्लेमसाठी आईचे रिपोर्ट ऑफिसच्या मेलवरून पाठवले होते. ते सामाईक खात्यात आले आणि सगळ्यांनी वाचले. कुणी काही बोललं नाही, पण ती दोन दिवस जेवायला आमच्यात बसली नाही. कॉपी जाते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मीच. आता नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी हे सांगते.

जागेचंही बघा. मोफत जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट असते आणि एका मेलला २५ एमबीपर्यंत अटॅचमेंट जातं. स्कॅन केलेली इनव्हॉइसं, पॅकिंग लिस्ट असं रोज जात असेल तर सामाईक खातं बघता बघता भरतं. प्रत्येकाच्या नावाचा फिल्टर आणि लेबल पहिल्याच दिवशी लावा, कारण पाच माणसांचे मेल एका रांगेत आले की महत्त्वाचं उत्तर त्यात बुडतं.

सगळं लावून झालं की एकाला कॉम्प्युटरवरून, एकाला ब्राउझरमधून आणि एकाला फोनवरून बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवायला सांगा. त्या तिन्ही मेलना नुसता ‘रिप्लाय’ करून बघा, ‘रिप्लाय ऑल’ नाही. सामाईक खात्यात किती आले ते मोजा. नियम सर्व्हरवर असेल तर सहा यायला हवेत.