झुरळाला मागची चाहूल कशी लागते?

प्रश्न : झुरळावर मागून काही उगारलं की ते आधीच, तेही बरोबर उलट्या बाजूला पळतं. त्याला मागचं दिसतं का? डब्यात ठेवून मागून फुंकर मारली. सुरुवातीला पळालं, मग जागचं हललंच नाही. असं का?

उत्तर : इथे डोळ्यांपेक्षा केसांचं काम मोठं आहे. झुरळाच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन छोटे, कांड्याकांड्यांचे अवयव असतात. त्यांना सर्साय (एकाला सर्सस) म्हणतात. घरात दिसणाऱ्या मोठ्या, तांबूस झुरळात (पेरिप्लॅनेटा अमेरिकाना) प्रत्येकाच्या खालच्या बाजूला सुमारे 200 बारीक, लांब केस असतात. उगारलेल्या वस्तूपुढे ढकलली जाणारी हवा या केसांना हलवते.

खरी करामत केसाच्या बुडाशी आहे. तिथली खोबण अशी घडलेली असते की केस एकाच रेषेत मागेपुढे सहज झुकतो, आडवा झुकायला अडतो. प्रत्येक केसाला एकच चेतापेशी. केस एका बाजूला कलला की तिचे संदेश वाढतात, विरुद्ध बाजूला कलला की थांबतात. केसांच्या रांगा असतात आणि रांगेगणिक दिशा वेगळी. त्यामुळे कोणत्या रांगा बोलतात, कोणत्या गप्प आहेत, यावरून वारा कुठून आला हे ठरतं.

हे संदेश पोटातल्या शेवटच्या गुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, पोचतात. तिथून जाड, महाकाय चेतातंतू थेट छातीतल्या, पाय चालवणाऱ्या गुच्छिकांपर्यंत जातात. तंतू जाड, म्हणून संदेश वेगवान. शिवाय मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. उभं असलेलं झुरळ साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात वळायला लागतं.

आता तुमचा प्रयोग. लागोपाठ फुंकर मारली की केसांकडून महाकाय तंतूंकडे जाणारा संदेश दुबळा होत जातो. झुरळ सरावतं. दोन झोतांमध्ये काही मिनिटं जाऊ द्या. तोंडाची फुंकर पसरट असते, डब्याच्या भिंतींवरून परतते आणि मिशांनाही लागते, त्यामुळे दिशा कळत नाही. रुंद, उघडा डबा घ्या, वरच्या कडेला आतून व्हॅसलिनचा पट्टा लावा म्हणजे ते चढून येणार नाही. ड्रॉपरचा रबरी फुगा आठ-दहा सेंटिमीटरवरून एकदाच दाबा. टेबलाला धक्का नको. पायांनाही कंप कळतो.

एकच सर्सस निकामी झाला तर झुरळ त्या बाजूच्या वाऱ्याकडेच अनेकदा वळतं. महिन्याभरात ही चूक बरीच कमी होते, कारण उरलेल्या बाजूचे केस चेतातंतूंना जास्त जोरात चेतवू लागतात.