एटीपी बनवणारं एन्झाइम खरंच गोल फिरतं का?

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे, तिच्या नोट्समध्ये लिहिलंय की एटीपी सिंथेज नावाचं एन्झाइम फिरून एनर्जी बनवतं. हे समजावण्यापुरतं लिहितात की खरंच फिरतं?
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : खरंच फिरतं हो! पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात हे एन्झाइम रुतून बसलेलं असतं, पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन (धन भाराचे बारीक कण) साठतात आणि धरणाचं पाणी टर्बाइनमधून सुटावं तसे ते यातून सुटतात, त्या जोरावर पडद्यातली रिंग आणि तिला जोडलेला दांडा फिरतो. आपल्या पेशीत या रिंगचे 8 तुकडे, म्हणजे 8 प्रोटॉन गेले की एक फेरा आणि 3 एटीपी, म्हणजे पेशीला एनर्जी पुरवणारे रेणू, तयार.

मला सगळ्यात भारी वाटतो तो दांड्याच्या टोकाभोवतीचा गड्डा. त्यात एटीपी बनवायच्या 3 जागा, दांडा वाकडा असल्यामुळे तो फिरताना तिन्ही जागांचा आकार आळीपाळीने बदलतो, एक जागा एडीपी आणि फॉस्फेट (एटीपीचा कच्चा माल) आत घेते, दुसरी त्यांना घट्ट आवळते की झालं एटीपी तयार, तिसरी ते सोडून देते. शास्त्रज्ञ पॉल बॉयर यांनी दाखवलं की जोर मुख्यतः लागतो तो तयार एटीपी सोडवायला. जॉन वॉकर यांच्या टीमने 1994 मध्ये गाईच्या हृदयातल्या एन्झाइमची रचना मांडली, दोघांना 1997 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आणि त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी हा गड्डा काचेवर चिकटवून दांड्याला ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचा चमकणारा धागा जोडला, एटीपी घातलं, आणि मायक्रोस्कोपखाली धागा गरगर फिरताना चक्क दिसला (इथे एटीपी खर्च होत होतं, म्हणून उलट्या दिशेने). त्याचे व्हिडिओ नेटवर मिळतात, मुलीला नक्की दाखवा.