मार्च-एप्रिलमध्ये भोरगिरी–भीमाशंकर पायवाटेवर काय दिसतं?

फुलं बघायची ती पावसाळ्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर रान नुसतं करपलेलं असतं, मग भोरगिरीहून भीमाशंकरला चालत जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. माझ्या मते ही वाट फाल्गुन-चैत्रातच सर्वांत देखणी असते. फक्त मान वर करून चालायचं. पावसाळ्यातली फुलं गवतात असतात, वसंतातली झाडांवर.

गाव सोडलं की माळावर, बांधावर काटेसावर आणि पांगारा. पान एकही नाही, नुसता लाल फुलोरा. एखाद्या सावरीखाली अर्धा तास बसाच. पाच जाड, मांसल पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा झुबका आणि तळाशी मध. त्यासाठी भोरड्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते. मधात चोच बुडवून पक्ष्यानं डोकं वर काढलं की कपाळ परागांनी माखलेलं असतं. तेच घेऊन तो पुढच्या फुलावर जातो, सावरीचं काम होतं. खाली गळलेली फुलं भेकरं खातात. पहाटे गेलात तर मातीत खुरांचे ठसे शोधा.

वर दाट रान लागतं, तिथे अंजनी. गर्द पानांचं झाड, एरवी लक्षही जात नाही. फुललं की जुन्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गुच्छ थेट चिकटलेले दिसतात. बहर लवकर ओसरतो आणि दरवर्षी पुढेमागे होतो, म्हणून निघण्यापूर्वी गावात कुणाला तरी विचारून घ्या. कुसुमाची तांबडी पालवी आणि करवंदीची पांढरी सुवासिक फुलं वाटेत भेटतातच.

शेकरूसाठी, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी, मात्र थांबावं लागतं. 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. उंच फांद्यांच्या बेचक्यांत काड्या-पानांचे गोळे दिसले की समजा, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी अनेक बांधतं, त्यामुळे बरीच रिकामी असतात. आधी करकर ऐकू येते, मग फांदी हलते, मग तांबूस पाठ आणि झुपकेदार शेपूट.

उजाडतानाच निघा, ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. पाणी भरपूर घ्या, ओढे आटलेले असतात. अत्तर लावू नका, आग्या मोहोळं असतात. आणि बिडी-काडी अजिबात नको. या दिवसांत वणवे माणसांमुळेच लागतात, आणि रातव्यासारख्या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात.