मूल आपली संस्कृती कशी शिकतं: कुणी शिकवल्यामुळे की आपोआप?

संस्कृतीचा बराच मोठा भाग मूल मोठ्यांचं पाहून आणि त्यांच्यात वावरून शिकतं. मुद्दाम शिकवलेला भाग त्यामानाने थोडा असतो. कुणाशी कसं बोलायचं, किती अंतरावर उभं राहायचं, कधी गप्प बसायचं, हे सहसा कुणी समजावून सांगत नाही. चूक झाली की एखादी नजर किंवा ‘असं नाही करायचं’ एवढंच पुरतं.

याचा सर्वात बोलका पुरावा मला व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांच्या 2005 मधल्या प्रयोगात दिसतो. एका पेटीतून बक्षीस कसं काढायचं हे तीन-चार वर्षांच्या मुलांना आणि चिंपांझींना दाखवलं. त्यातल्या काही कृती निरुपयोगी होत्या. पेटी पारदर्शक असल्यावर, म्हणजे ते निरुपयोगीपण उघड दिसत असताना, चिंपांझींनी त्या कृती गाळल्या. मुलांनी मात्र सगळं जसंच्या तसं केलं. याला मुलांचा भाबडेपणा समजू नये. रीती, शिष्टाचार, विधी यांचं कारण बघून कळत नाही. ते आधी हुबेहूब उचलावे लागतात. ‘का?’ हा प्रश्न नंतर येतो, आणि तो दाबू नये असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र आहे: संस्कार फक्त घरातच होतात असं नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांचे उच्चार बहुधा आईवडिलांसारखे न होता सवंगड्यांसारखे होतात.