अणू फोडता येतो, ‘ॲटम’ नाही

प्रश्न असा: ॲटमला मराठीत अणू म्हणावे की परमाणू? आणि ॲटम हा शब्द ‘आत्मा’वरून आला, हे खरे का?

आत्म्याचे आधी मिटवू, कारण ही थाप उठता-बसता कानावर पडते. ‘आत्मन्’चा खरा भाऊबंद जर्मन ‘आटेम’, म्हणजे श्वास. ॲटमशी त्याचा संबंध नाही. ग्रीक ‘आतोमोस’ची फोड अ + तोम. हा ‘अ’ आपल्या ‘अमर’, ‘अचल’मधलाच, दोघांचे मूळ एक. ‘तोम’ म्हणजे कापणे. देह चिरून पाहायची ती ॲनाटॉमी, अपेंडिक्स कापून काढायचे ते अपेंडेक्टॉमी, त्यातला ‘टॉम’ हाच. या शब्दात लहानपण कुठेच नाही! ‘ॲटम म्हणजे अतिसूक्ष्म कण’ एवढेच सांगून थांबणारे शब्दपंडित नेमका गाभा सोडतात. अब्देऱ्याच्या डेमोक्रिटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचा मुद्दा बारीकपणाचा नव्हता, कापणे कुठेतरी थांबतेच हा होता. १० सेंटिमीटर दोरा घ्या, निम्मा करा, त्यातला एक तुकडा पुन्हा निम्मा करा. दहाव्या वेळी केसाच्या जाडीएवढा तुकडा उरतो आणि तिसाव्या वेळी अणूएवढा. अवघे ३० काप.

हे थांबणे आधुनिक विज्ञानाला ग्रीकांकडून मिळाले. बाकी बरेच बदलले. डेमोक्रिटसच्या कणांत फरक तीनच: आकार, क्रम, ठेवण. ॲरिस्टॉटलने तो अक्षरांनी समजावला. आपल्याकडे ‘वन’ आणि ‘नव’ म्हणा: अक्षरे तीच, क्रम वेगळा. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डाल्टनने १८०८च्या ग्रंथात शब्द तोच ठेवला, पण प्रत्येक मूलद्रव्याच्या कणाला स्वतःचे वजन दिले. मग १८९७मध्ये टॉमसनला अणूच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला, १९३२मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनांच्या माऱ्याने लिथियमचे केंद्रक फोडले, आणि ‘न कापता येणारा’ हे नाव खोटे ठरले. माझ्या मते ते चुकीच्या कणाला चिकटले. आतोमोस म्हणवून घ्यायचा मान इलेक्ट्रॉनचा. त्याच्या आत अजून काहीही सापडलेले नाही.

मराठी या पेचात अडकतच नाही. अणू म्हणजे बारीक. तुकोबांच्या ‘अणुरेणिया थोकडा’तला अर्थ तोच. त्यामुळे ‘अणू फोडला’ म्हणताना आपण स्वतःलाच खोटे पाडत नाही.

राहिला परमाणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत अनुक्रमे अणू आणि रेणू. हिंदीवरून घाईने भाषांतर केले की ‘पाण्याचा अणू’ अवतरतो. तो रेणू आहे: हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक.